गेजकडं बघितलंस का वहीकडं?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा मी इंदापुरात भाच्याच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसांच्या दाटीत टीव्हीसमोर बसलो होतो. सहा वाजून चार मिनिटांनी सगळे उठून ओरडले. मीही ओरडलो. मग पेढे आले आणि पेढ्यांमागोमाग पहिला पालक आला. "काका, आमच्या पोराला इस्रोत शास्त्रज्ञ करायचंय. क्लास कुठला लावू?"

तो प्रश्न अजून थांबलेला नाही. लग्नाच्या पंगतीत येतो, बँकेच्या रांगेत येतो. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून ठेवला आणि मग विचारला. मी ३६ वर्षं श्रीहरिकोट्याला काढली. चंद्रयान-१, मंगळयान आणि चंद्रयान-२ या तिन्ही उड्डाणांच्या तयारीत हात काळे केले. त्यामुळे माझ्याकडे उत्तर असेल असं लोकांना वाटतं. उत्तर आहे, पण त्यात क्लासचं नाव नसल्यामुळे ते कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. म्हणून इथे लिहितो.

आधी एक दुरुस्ती. मी शास्त्रज्ञ नव्हतो. आमचा हुद्दा 'सायंटिस्ट/इंजिनिअर' असा मधे तिरकी रेघ मारून लिहितात आणि वर्तमानपत्रं रेघेच्या डावीकडचं तेवढं उचलतात. मी आयुष्यभर उजवीकडे राहिलो. मंगळावर मिथेन आहे का, चंद्राच्या मातीत काय काय सापडलं, हे मला विचारू नये. माझा संबंध टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह आणि गेज यांच्याशी. रॉकेटमध्ये द्रव इंधन भरायचं, भरण्याआधी कुठे गळत नाही ना ते तपासायचं, आणि उड्डाण पुढे ढकललं तर गरज पडेल तसं भरलेलं तितक्याच सावधपणे परत काढायचं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात असा सुमारे ४० टन माल जातो. त्यात दोन द्रव असतात. ते एकमेकांना भेटले की काडी लावावी लागत नाही, आपोआप पेटतात. त्यातल्या एकाची वाफ विटकरी रंगाची. ती दिसली की वारा कुठला आहे ते बघून आधी पळायचं, विचार नंतर करायचा.

माझं गाव वालचंदनगर. वडील तिथल्या कारखान्याच्या शॉपमध्ये फिटर होते. रॉकेटच्या मोटारींची पोलादी आवरणं तिथे बनतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं घन इंधन ज्यात ओतलेलं असतं, ते २.८ मीटर व्यासाचं आवरणही. पुढे श्रीहरिकोट्याला त्या आवरणाच्या शेजारी उभं राहिलं की मला वडिलांच्या खाकी शर्टाचा, कटिंग ऑइलचा वास यायचा. नुसताच भास, कारण तिथे पोचेपर्यंत त्याला रंग लागलेला असायचा.

इंजिनिअर झाल्यावर पहिलं वर्ष मी एका खासगी वर्कशॉपमध्ये नोकरी केली. तिथे दाबाच्या टाक्या बनत. टाकी झाली की तिच्यात पाणी भरायचं, ठरल्या आकड्यापर्यंत दाब चढवायचा, अर्धा तास धरून ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी गेज वाचून वहीत लिहायचं. हायड्रो टेस्ट. मे महिना, पत्र्याची शेड. पहिली दोन रीडिंगं मी घेतली, तिसऱ्याच्या वेळी चहा आला, आणि मी उरलेले चार रकाने एका दमात भरून टाकले. सगळीकडे तोच आकडा. टाकी चांगली होती, काही झालं नाही, ट्रकवर चढून गेली.

शनिवारी घरी गेल्यावर जेवताना मी ही हुशारी वडिलांना सांगितली. ते घास हातात तसाच धरून म्हणाले, "गेजकडं बघितलंस का वहीकडं?"

"दादा, टाकी चांगलीच होती की."

"टाकीचं नाय इचारलं."

मग त्यांनी घास तोंडात घातला. रविवारभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. सोमवारी पहाटे एसटीला सोडायला आले तेव्हाही तो विषय काढला नाही. १९८३ साली मी श्रीहरिकोट्याला रुजू झालो तेव्हा प्रशिक्षणात पुष्कळ शिकवलं गेलं. त्यात नवीन बरंच होतं, पण मुळातली गोष्ट मी वालचंदनगरच्या स्वयंपाकघरात शिकून आलो होतो.

श्रीहरिकोटा हे एक लांबट बेट आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पुलिकतचं सरोवर. आम्ही सुळ्ळुरुपेट्टाहून बसने पुलिकतवरच्या रस्त्याने ये-जा करायचो. हिवाळ्यात दोन्हीकडे रोहित पक्षी उभे असत, हजारोंनी, माना पाण्यात घालून. भिगवणला उजनीच्या पाण्यावर येतात तेच. नवी मुलं पहिले आठ दिवस खिडकीला चिकटून बसत आणि नवव्या दिवसापासून झोपत.

त्या बेटावरच्या कामात रॉकेट उडवणं फार थोडं असतं. बहुतेक दिवस तपासण्यात जातात. एक उदाहरण देतो. इंधनाच्या वाटेतून इंधन जाण्याआधी नायट्रोजन भरून दाब देतात आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावतात. सायकलच्या पंक्चरवाल्याची आणि आमची विद्या इथे एकच. हेलियम हुंगणारी महागडी यंत्रंही असतात, पण साबण काही सुटलेला नाही. एका मोहिमेच्या तयारीत, रात्री दोनच्या सुमारास, आमचा एक तंत्रज्ञ जमिनीवरच्या एका नळीच्या जोडापाशी बॅटरी धरून उकिडवा बसला होता. आयटीआय झालेला, तिथल्याच पट्ट्यातला. बाकीच्यांचे जोड तपासून झाले होते, हा उठेना. मी जवळ गेलो तर म्हणाला, "सार, बुडग." तेलुगूत बुडबुड्याला बुडग म्हणतात. मला काहीच दिसलं नाही. "थांबा," म्हणाला. आम्ही दोघं बसून राहिलो. दीड-दोन मिनिटांनी नटाच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा एक फुगा आला, जरा वाढला आणि फुटला. पुन्हा दोन मिनिटांनी दुसरा.

एवढ्याने बिघडलं असतं का? बहुधा नाही. पण जोड उघडला, आतली सील बदलली, सगळी तपासणी पहिल्यापासून केली, आणि त्या पाळीत कुणी घरी गेलं नाही. त्या मुलाला कुणी शिव्या दिल्या नाहीत. उलट चहा आधी त्याला मिळाला. पालकांना मी सांगतो की पदवीवाल्यांना एक दार आहे, डिप्लोमावाल्यांना तांत्रिक सहायकाचं आहे, आयटीआयवाल्यांना तंत्रज्ञाचं आहे, तिरुवनंतपुरमला २००७ पासून अंतराळ शिक्षणाची स्वतंत्र संस्थाही आहे. आयटीआय म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे जाते.

आता ग्रहांकडे जाणाऱ्या मोहिमांचं वेगळेपण सांगतो, कारण माझा मुद्दा तिथे आहे. उपग्रह पृथ्वीभोवतीच फिरायचा असेल तर आज नाही तर उद्या उडवता येतो. मंगळाला जायचं तर तसं नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी यायला सुमारे २६ महिने लागतात. मंगळयानाला २८ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०१३ एवढेच दिवस होते. ते गेले की पुढची संधी २०१६ मध्ये. माझी बायको त्याला सरळ मुहूर्त म्हणायची आणि ते मला कधी खोडता आलं नाही. मुहूर्त जवळ आला की सगळ्या खोलीला एकच हवं असतं: काटा हव्या त्या आकड्यावर असावा. काटा जरा अलीकडे असला तर, उन्हामुळे असेल, गेज जुनं असेल, मागच्या खेपेलाही असंच होतं, अशी कारणं न मागता मिळतात. कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकाला मनापासून तसं वाटत असतं, म्हणून ते जास्त अवघड.

२८ ऑक्टोबरचा मुहूर्त आम्ही सोडला, तोही रॉकेट तयार असताना. मंगळयानाच्या मार्गात तिसरा टप्पा संपल्यावर इंजिन बंद ठेवून रॉकेटने सुमारे २५ मिनिटं तसंच पुढे जायचं होतं आणि मग दक्षिण पॅसिफिकवर कुठेतरी चौथा टप्पा पेटायचा होता. तिथे जमिनीवरच्या कुठल्याही केंद्राची नजर पोचत नव्हती. म्हणून शिपिंग कॉर्पोरेशनची 'नालंदा' आणि 'यमुना' ही दोन जहाजं अँटेना बसवून तिकडे पाठवली होती. समुद्र खवळला आणि नालंदा वेळेत जागेवर पोचेना. तसं पाहिलं तर जहाजावाचून रॉकेटचं काही अडणार नव्हतं. ते आपल्या गणकाच्या हुकमाने गेलं असतं आणि चौथा टप्पा पेटायचा तेव्हा पेटला असता. फक्त तो पेटलेला कुणी पाहिला नसता. २३ दिवसांच्या मुहूर्तातले आठ दिवस आम्ही त्या जहाजाची वाट बघण्यात घालवले. न पाहिलेलं रीडिंग लिहायचं नाही याची एवढी महाग आवृत्ती मी दुसरी पाहिली नाही.

३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. त्याच सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी साडेछप्पन्न तासांचं काउंटडाउन सुरू झालं. पाडवा इंधनात गेला. आमच्याकडे रीडिंग एकट्याने घेत नाहीत. एकाने गेज वाचून मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा, मग लिहायचा, मग दोघांनी सही करायची. आकडा चुकून वेगळा लिहिला गेला तर त्यावर एकच आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, वेळ आणि सही. व्हाइटनर आमच्या इमारतीत मी कधी पाहिला नाही.

५ तारखेला भाऊबीज. बहिणीचा फोन मला लागणार नव्हता, फोन बाहेर जमा होते. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी रॉकेट उडालं. पाच मिनिटांच्या आत दुसरा टप्पा आपलं काम करून समुद्रात पडला आणि माझी नोकरी त्या मोहिमेपुरती तिथे संपली. मंगळ अजून दहा महिने दूर होता. मग ती २५ मिनिटं. पडद्यावर रेघ सरकत होती, पण ती हिशोबाची रेघ, रॉकेटची नाही. खोलीत कुणीतरी सारखं पेनाचं टोपण उघड-बंद करत होतं आणि कुणी त्याला थांब म्हणत नव्हतं. मग जहाजावरून खबर आली की चौथा टप्पा पेटला. उड्डाणानंतर ४४ मिनिटांनी यान सुटं झालं. रात्री बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "तू टीव्हीत दिसशील म्हणून ताट घेऊन बसले होते. दिसला नाहीस. शेवटी रॉकेटलाच ओवाळलं."

दुसरीकडचं उदाहरणही सांगायला हवं. अमेरिकेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून पौंडात निघालेले आकडे दुसऱ्या ठिकाणी न्यूटन समजून वापरले गेले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती पुढची. यानाचा मार्ग आखणाऱ्यांना वाटेतच आकड्यांत काहीतरी खटकलं होतं. पण ते रीतसर कागदावर नोंदवायची जी पद्धत होती, ती पाळली गेली नाही. बोलण्यात राहिलं.

आणि आपल्याकडची १५ जुलै २०१९ ची रात्र. चंद्रयान-२ पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उडायचं होतं. राष्ट्रपती रामनाथ कोविंद आलेले, देश जागा. ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना काउंटडाउन थांबवलं. दुसऱ्या दिवशी एका वाहिनीवर 'नामुष्की' हा शब्द ऐकला. मला त्या शब्दाचा अजून राग आहे. २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी तेच रॉकेट नीट उडालं आणि ३१ जुलैला मी निवृत्त झालो. पुढे सप्टेंबरमध्ये विक्रम लँडर उतरताना आदळलं, त्याचं दुःख मला गावी बसून झालं. पण माझ्या नोकरीतली सर्वांत चांगली रात्र कुठली असं कुणी विचारलं तर मी १५ जुलै सांगेन.

आता प्रॅक्टिकलचं जर्नल, कारण रीडिंग लिहायची सवय तिथे लागते. भाच्याची मुलगी अकरावी सायन्सला आहे. गेल्या महिन्यात ती जर्नल पूर्ण करत बसली होती. साधा लंबक, गुरुत्वत्वरण काढणे. सुंदर अक्षर, स्केचपेनच्या चौकटी, पाच रीडिंगं आणि पाचही वेळा उत्तर ९८० च्या आगेमागे, दशांशात. मी ३६ वर्षांत इतकी एकमताची रीडिंगं पाहिली नव्हती.

"हे मोजलंस कधी?"

"मोजलं नाही आजोबा. सगळे असंच करतात. आधी ९८० धरायचं आणि उलटं गणित करून सेकंद काढायचे. मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये असतं."

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण ते कुठल्याही कॉलेजचं असू शकतं. शिक्षकांवरही मी राग धरत नाही. एका तासात वीस-बावीस मुलं, चालू स्टॉपवॉच तीन, आणि वर्षअखेर तपासणीला जर्नल पूर्ण पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ३० गुण असतात आणि ते बहुतेकांना पडतात, तर कोण कशाला लंबक हलवत बसेल?

तरीही आम्ही हलवला. पडद्याच्या दांडीला दोरा बांधला, खाली भाच्याच्या ट्रॅक्टरचा एक जाडजूड नट. तिने टेपने लांबी मोजली, ४८.५ सेंटिमीटर. मोबाइलवर वीस आंदोलनांचा वेळ घेतला, २८.४ सेकंद. तीनदा घेतला, तोच आला. गणित केलं तर उत्तर ९५०. तिचा हात लगेच खोडरबराकडे गेला. मी खोडरबर खिशात टाकलं. मग आम्ही अर्धा तास त्या नटाभोवती घालवला. मोबाइल चुकतोय का? आंदोलनं मोजताना एक जास्त धरलं का? दांडी हलतेय का? शेवटी तिच्याच लक्षात आलं की तिने दोरा गाठीपर्यंत मोजला होता. लांबी नटाच्या मध्यापर्यंत धरायची असते आणि मध्य दीड सेंटिमीटर खाली होता. ५० धरल्यावर उत्तर आलं ९७९.

ती थोडा वेळ दोन्ही आकडे बघत राहिली. मग जर्नल पुढे ओढून म्हणाली, "मग हे ९८० कुणी मोजलं?"

पालकांना आणि शिक्षण खात्यालाही मला एवढंच सांगायचं आहे की पोरांना श्रीहरिकोट्याच्या सहलीला जरूर न्या, शाळेत रॉकेटचं मॉडेलही उभं करा, पण त्याआधी प्रॅक्टिकलचे गुण उत्तराला देणं बंद करा. पेन्सिलने घेतलेल्या कच्च्या रीडिंगच्या कागदाला गुण द्या. ९५० आलं तर एक्सटर्नलने विचारावं की का आलं, आणि जो सांगेल त्याला जास्त गुण द्यावेत. 'खाडाखोड केल्यास गुण कापले जातील' ही सूचना काढून टाका. एक आडवी रेघ आणि शेजारी सही चालेल असं लिहा. याला निधी लागत नाही, समिती लागत नाही. दहा वर्षं चकचकीत जर्नल लिहिलेला मुलगा बाविसाव्या वर्षी लाँच पॅडवर येतो, आणि पहाटे तीन वाजता काटा जरासा अलीकडे दिसतो, तेव्हा त्याने सवयीविरुद्ध वागावं अशी आपण अपेक्षा करतो. काहीजण वागतातही. ते कसे, याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

नातीने लंबकाचं पान नव्याने लिहिलं. ४८.५ वर एक आडवी रेघ, शेजारी ५०, तारीख, छोटी सही, आणि खाली दोन ओळींत गाठीची गोष्ट. ते पान कॉलेजमधून परत आलं आहे. स्वच्छ लिहून आणावं, असा शेरा आहे. शनिवारपर्यंत मुदत आहे. खोडरबर अजून माझ्याकडेच आहे. ती मागायला आलेली नाही, आणि मी विचारलेलं नाही.